डाव्या सोंडेचा एक्सल

न्यूट्रल

"गणपती वर पोचले तर गाडी राहील. नाय पोचले तर भंगारवाला. त्याला मी चतुर्थीनंतरच्या मंगळवारचं सांगून ठेवलंय," तव्यावरच्या भाकरीला पाणी लावत मैना म्हणाली.

हैबतराव चहात बटर बुडवत होते. तो मऊ होऊन कपात पडला. त्यांनी तो काढायचा प्रयत्नही केला नाही.

"मला न विचारता सांगितलंस?"

"तुमाला विचारलं असतं तर तुमी नाय म्हनला असता."

हैबतरावांनी बसल्या जागेवरून अंगणाकडे बघितलं. गाडी अंगणात उभी होती, मागची बाजू दगडांवर टेकवलेली. म्हणजे खरं तर तीही बसलेलीच होती.

गाडी जुनी, लष्करातली, चारही चाकांना जोर देणारी. सव्वीस वर्षांपूर्वी हैबतरावांनी ती लिलावात घेतली तेव्हा गागोदे बुद्रुक गावाला वाटलं होतं की हा माणूस आता भातशेती सोडून लढाईवर जाणार. त्यांनी मागे फळ्यांचा हौदा बांधला आणि त्यातून भात नेलं, वाल नेले, पत्रे नेले, दोन बाळंतिणी नेल्या, एकदा एक रेडा नेला. गावातून वरच्या वाडीला जायला चार किलोमीटरची वाट आहे आणि मध्ये करवंदीची खिंड. नव्या, चकचकीत गाड्या खिंडीच्या तोंडाशी येतात, थांबतात, फोटो काढतात आणि परत जातात. हैबतरावांची गाडी कुरकुरत, धूर ओकत, पण वर जायची. तिच्यात एकच कमजोरी होती. मागचा एक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आस. तो तीनदा तुटला, तिन्ही वेळा खिंडीत, तिन्ही वेळा त्याच एका दगडापाशी.

तिसऱ्यांदा तुटला तो गेल्या दिवाळीच्या तोंडावर, अवकाळी पावसात, आणि तेव्हा हौद्यात मैनाचं भात होतं. वरच्या शेतातलं, तिने स्वतः कापलेलं, झोडलेलं, पोत्यांत भरलेलं. गाडी दोन दिवस खिंडीत भिजत राहिली. पोती खाली आली तेव्हा त्यांच्या शिवणीतून हिरवे कोंब डोकावत होते. मैना तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतरही दहा महिने बोलली नाही. आज बोलली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीच्या अकरा घरांचे अकरा गणपती पेणहून याच गाडीतून वर जात. सगळे शाडूचे, सगळे मैनाच्या धाकट्या भावाच्या, कान्हूच्या, कारखान्यातले.

"आनि गाडी नाय गेली तर गणपती कशातनं जातील?" हैबतरावांनी ठेवणीतला प्रश्न काढला.

"गावातल्या सुजयच्या ट्रॅक्टरला सांगितलंय."

"ट्रॉलीला धक्के खाणारे पाटे नसतात, मैने. मानसाची हाडं खिळखिळी होतात. शाडूचं काय होईल?"

"म्हनून तर पहिली पाळी तुमच्या गाडीला दिली," मैना म्हणाली आणि भाकरी उलटली.

चतुर्थीला वीस दिवस होते.

पहिला

जितेश मूळचा जिते गावचा. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत फिटर. शिफ्ट सुटली की काही माणसं देवळात जातात, काही घरी जातात. जितेश भंगाराच्या दुकानांतून एक चक्कर मारून मग घरी जातो. हैबतरावांच्या गाडीची सव्वीसातली शेवटची बारा वर्षं त्यानेच दुरुस्त केलेली होती.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"काका, उभे हाव का बसलेले?"

"शेतात हाय. वाकलेला."

"मग वाकलेलेच राहा. एक्सल मिळालाय."

"कसला?"

"मोठ्या मालट्रकच्या खालचा. तुमच्या गाडीतला दांडा म्हणजे ऊस होता, काका. हा मुसळ हाय. उद्या खिंड तुटेल, हा नाय तुटणार."

हैबतराव सरळ उभे राहिले. चिखलात पाय तसेच ठेवून ते थोडा वेळ करवंदीच्या खिंडीकडे बघत राहिले.

एक्सल आणायला वेगळी गाडी करावी लागली नाही. कान्हूचा टेम्पो रोह्याला गणपती पोचवून रिकामा परत येत होता. टेम्पोवाल्याच्या हाताला एकच सवय. हौद्यात काही ठेवायचं तर खाली पेंढा, बाजूला पेंढा, वरून स्वच्छ कापड, आणि समोरचा भाग झाकलेला. त्याने एक्सलही तसाच ठेवला. वडखळच्या नाक्यावर दोन बायकांनी टेम्पोकडे बघून हात जोडले. टेम्पोवाल्यानेही आरशातून मान लववली, कारण आता नाही म्हणून कुणाला सांगायचं.

दुसरा

काम पेणला, कान्हूच्या कारखान्याच्या अंगणात करायचं ठरलं. तिथे वीज होती, पत्र्याचं छप्पर होतं, आणि मैना नव्हती. गागोद्याहून गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली. ट्रॅक्टर सुजयचाच होता. हैबतराव त्याच्याशी वाटभर बोलले नाहीत.

कापड बाजूला झालं. जितेशने पट्टी धरली. एकदा मापलं, परत मापलं, मग पट्टी खिशात घातली आणि डोक्याला हात लावला.

एक्सलच्या मध्ये एक लोखंडी पोट असतं आणि त्याला पुढे आलेलं एक तोंड. इंजिनाकडून फिरत येणारा दांडा त्या तोंडाला जोडतात. हैबतरावांच्या गाडीत तो दांडा उजव्या अंगाने येत होता. या एक्सलचं तोंड डाव्या अंगाला होतं. मध्ये दीड वितीचं अंतर.

कान्हू हातातला रंगाचा ब्रश कानावर अडकवून आला. एक डोळा मिटून त्याने एक्सलकडे बघितलं. गेली तीस वर्षं तो रोज सकाळी असाच कशाकडे तरी बघत आला होता.

"हा डाव्या सोंडेचा हाय," तो म्हणाला.

"काय?"

"डाव्या सोंडेचा. दाजी, तुमच्या गाडीला उजव्या सोंडेचा लागतो."

सगळ्यांनी पुन्हा बघितलं. मध्ये गरगरीत पोट. दोन्हीकडे पसरलेले हात. पुढे आलेली सोंड, खरोखर डावीकडे. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"उजव्या सोंडेचं कडक असतं," हैबतराव हळूच म्हणाले. "म्हनूनच जुना तीनदा कोपला."

"मग हा डावाच बरा," जितेश म्हणाला, "पण बसवू कसा?"

"पालथा घाल," कान्हू म्हणाला.

"म्हणजे?"

"साच्यात मूर्ती पालथी असते. पालथी बघितली की तिचं डावं उजवीकडं. आमी रोज तेच करतो. वरची बाजू खाली घे, सोंड आपोआप उजवीकडं येते."

जितेश एक्सलभोवती तीन फेऱ्या फिरला. खाली वाकून बघितलं, आडवं होऊन बघितलं. सोंड पुढेच राहत होती, उजवीकडे येत होती, दांड्याच्या अगदी समोर. त्याने हो म्हणायला पाऊण तास घेतला, आणि हो म्हटल्यावर भिंतीवर खडूने यादी लिहिली.

भिंत

तेल भरायचं भोक पालथं गेलं. वरच्या बाजूला नवीन पाडणे. झालं.

वाफ जायची नळी वर आणणे. झालं.

पाट्यांच्या बैठका कापून उलट बाजूला वेल्ड करणे. झालं. दोनदा तपासलं.

ब्रेकच्या प्लेटी डावी-उजवी बदलणे. झालं.

ब्रेकचे पाइप नवीन. वाकवताना घाई नाय करायची. झालं, घाई नाय केली.

फिरता दांडा चार बोटं कमी. धाटावचा लेथ. झालं.

चाकाचे बोल्ट जुळतात का? जुळले. (इथे खडूने एक छोटा नारळ काढलेला होता.)

काळा रंग. कान्हूदादाला विचारून. झालं, दोन हात.

यादीत नसलेलं

असं काम पेणमध्ये कुणी बघितलं नव्हतं. आठवड्याची सुट्टी आणि शिफ्टनंतरचे तास जोडून जितेशने बारा दिवस घातले. त्याच्या वेल्डिंगच्या ओळी बघायला शेजारच्या कारखान्यातले लोक येऊन गेले. एकसारखे खवले, एकावर एक, मासळीच्या पाठीसारखे. कान्हू डोळ्यांची आखणी करणारा माणूस. पापणीची रेघ केसाएवढी चुकली तर तो मूर्ती पुन्हा रंगवायला घेतो. तो त्या वेल्डवरून बोट फिरवून म्हणाला, "याला कंपनीत कशाला ठेवलाय? माझ्याकडं आखणीला बसवा."

आठही कामांपुढे "झालं" होतं. नववं काम कुणाला सुचलं नाही.

फोर-व्हील

चतुर्थीला दोन दिवस राहिले तेव्हा गाडी चार चाकांवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती निघायचे होते. मैना गागोद्याहून एसटीने आली आणि शाडूच्या पोत्यावर बसली. तिला कुणी या म्हटलं नव्हतं, पण निकाल ऐकायला माणूस येतोच.

हैबतरावांनी चाकापुढे नारळ फोडला. गाडीत बसले. चांगल्या कामाला सगळी ताकद लावावी म्हणून त्यांनी चारही चाकं जोडली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी थरथरली. इंजिन वाढलं. गाडी जागेवरच. पुढच्या चाकांखालचा चिखल मागे उडाला, मागच्या चाकांखालचा पुढे उडाला, आणि दोन्ही मधल्या जागेत एकमेकांना भेटले. गाडी चारही पायांनी खड्डा खणत होती.

"हँडब्रेक सोडा, काका."

"सोडलाय."

"मग काय धरतंय?"

"भांडतायत दोघं," मैना पोत्यावरून म्हणाली. "पुढची चाकं वडखळला निघालीत, मागची पनवेलला."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जितेशने पुढच्या चाकांचा जोर काढून टाकायला सांगितलं. फक्त मागच्या चाकांवर बघू. हैबतरावांनी परत पहिला टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सुटलेल्या म्हशीसारखी मागे आली. शाडूची चार पोती फुटली. मैना पाचव्यावरून उठली होती म्हणून वाचली. पांढरा धुरळा खाली बसला तेव्हा मागची फळी आणि रंगवून वाळत ठेवलेल्या गणपतींची पहिली रांग, यांच्यामध्ये एक वीत उरलेली होती.

"दाजी," कान्हू अगदी हळू आवाजात म्हणाला, "पहिल्यात टाका म्हटलं होतं."

"पहिल्यातच हाय."

जितेशने आत डोकावून बघितलं. पहिल्यातच होती. त्याने हैबतरावांना उतरवलं आणि स्वतः बसला. गाडी पुढे न्यायची म्हणून त्याने दुसरा टाकून बघितला. त्या एका वितीतली चार बोटं गेली. कान्हूने डोळे मिटले.

"रिव्हर्स टाक रे," मैना म्हणाली.

"काकी, मागं जागा नाय."

"टाक तर."

जितेशने रिव्हर्स टाकला. गाडी शांतपणे, सभ्यपणे, फाटकाकडे पुढे निघाली.

फाटकापाशी जितेशने ती बंद केली. कान्हूच्या कानावरचा ब्रश घेतला, दोन बोटांत धरून गरगर फिरवला, आणि फिरवता फिरवता मनगट पालथं केलं. ब्रश उलटा फिरताना दिसला. जितेश फाटकातच खाली बसला.

"काका, एक्सल पालथा म्हणजे फिरणंही पालथं. चार गिअर मागं जायला. पुढं जायला एक."

कान्हू भिंतीवरच्या यादीकडे बघत होता, जणू ती आता स्वतःच काहीतरी सांगेल.

"सरळ करायला किती वेळ?" हैबतरावांनी विचारलं.

"सगळ्या बैठका कापायच्या. तोंड जुळवायचं काहीतरी वेगळं शोधायचं. तीन दिवस, कमीत कमी."

मैनाने कमरेची पिशवी उघडून फोन काढला. "सुजयला लावते."

"थांब," हैबतराव म्हणाले. ते गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते आणि त्यांच्या मिशांवर शाडू होता. "तू काय म्हनली होतीस? गणपती वर पोचले तर गाडी राहील. कुठल्या गिअरात पोचले, ते नव्हतीस म्हनली."

मैनाने त्यांच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग फोन परत पिशवीत ठेवला. "ट्रॅक्टर मागनं येईल," ती म्हणाली. "रिकामा येईल. पन येईल."

रिव्हर्स

सकाळी अकरा गणपती पेंढ्यात बसले, तोंडावर रुमाल घेऊन. मैना त्यांच्यामध्ये बसली, कान्हू मागच्या फळीला धरून. जितेशने पुढच्या चाकांना जोर नेणारा दांडा चार बोल्ट काढून गाडीतच ठेवला, म्हणजे भांडण व्हायला नको. आणि तो हैबतरावांच्या शेजारी बसून गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून बसला. कारण फाटकापर्यंतच्या वीस पावलांत हैबतरावांचा हात तीनदा आपला आपण पहिल्याकडे गेला होता.

रिव्हर्समध्ये जेवढ्या वेगाने जाता येतं तेवढ्या वेगाने गाडी पेणबाहेर पडली. म्हणजे एक म्हातारा सायकलवाला तिला ओलांडून गेला. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की दोन वर्षांपूर्वी हैबतरावांनी मागे एक भोंगा बसवला होता. रिव्हर्स पडला की त्यातली बाई बोलायला लागते.

"सावधान, गाडी मागे येत आहे."

"वायर तोडू का?" जितेशने विचारलं.

"नको," हौद्यातून मैना म्हणाली. "बघ मागं."

मागे पन्नास पावलांचा रस्ता मोकळा होता. त्यापलीकडे गाड्यांची रांग. एकही पुढे यायला तयार नव्हती, नुसते आवाज येत होते.

"अरे येतेय का जातेय?"

"ती बाई म्हणतेय येतेय."

"पण जातेय की."

"तू थांब. गणपतीची गाडी हाय."

"सावधान, गाडी मागे येत आहे."

"काय शिस्त बघा, सर. गणपती नेतोय म्हणून किती सावकाश. नाय तर आजकालची पोरं."

"ओ काका, तुमचा रिव्हर्सचा दिवा चालू राहिलाय."

"राहू दे."

"हैबतराव दिसतात. गाडी सुधारली म्हणे."

"सुधारली, पन लाजरी झाली."

"गाडी मागे येत आहे."

"मम्मी, कधी येणार?"

खोपोली रस्त्यावरच्या चौकात एका हवालदाराने हात केला. खिडकीशी आला, आत बघितलं. गिअर रिव्हर्समध्ये, दोन माणसं एका दांड्यावर, गाडी पुढे. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग हौद्यातल्या अकरा रुमालांकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने समोरची वाहतूक थांबवून वाट करून दिली. त्याचंही घर गणपतीचं असणार.

सुजयचा ट्रॅक्टर रांगेत सगळ्यात शेवटी होता.

खिंड

गागोद्यापासून वर डांबर संपतं. पावसाळ्यात ती वाट म्हणजे तांबडी माती, तिच्यात रुतलेले धोंडे आणि मधून वाहणारं पाणी. जितेशने गाडी सगळ्यात जोराच्या, सगळ्यात संथ टप्प्यात टाकून दिली. पण आता त्याला खाली उतरणं भाग होतं. खिंडीत चढताना दोन माणसांनी मागच्या चाकांबरोबर धोंडे घेऊन चालावं लागतं, गाडी अडकली तर चाकामागे टाकायला. एक कान्हू होता. दुसरा जितेशच.

"काका, गिअरला हात लावू नका. टाकलाय तसा राहू द्या."

"नाय लावत."

निम्मी खिंड गाडी अशी चढली की जितेशचे डोळे भरून आले. जुना एक्सल इथे कण्हायचा. हा गप्प. धोंड्यावर चाक चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. आतला तो मुसळ हूं की चूं न करता फिरत होता.

मग तो दगड आला. तीनदा एक्सल जिथे तुटला होता तो. हैबतरावांना तो दिसला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा पाय ब्रेकवर नको तेव्हा पडला. इंजिन बंद झालं. त्यांनी परत चालू केलं. हात आपोआप गेला, पहिल्यात. क्लच सुटला. गाडी दहा पावलं मागे आली आणि जितेशच्या धोंड्यावर धाडकन थांबली. हौद्यात मैनाने दोन्ही हात पसरून सहा गणपती धरले, उरलेल्या पाचांना पाय आडवा घातला.

"काका."

"चुकलं."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा हैबतरावांनी हाताला मोठ्याने "रिव्हर्स, रिव्हर्स" असं सांगितलं, आणि हात ऐकता ऐकता पहिल्यात गेला. कान्हूचा धोंडा फुटला. खिंडीच्या तोंडाशी सुजयने ट्रॅक्टर चालू केला. त्याचा आवाज वर आला.

हैबतराव आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं या हाताने कधी दगा दिला नव्हता. आताही दिला नव्हता. तो बिचारा बरोबर जागीच जात होता.

मैना हौद्यातून उतरली. पदर खोचला. दार उघडलं.

"उतरा."

"तुला येतं?"

"नाय. म्हनूनच."

हे ऐकून हैबतराव उतरले. त्यांना ते पटलं होतं की नाही हे त्यांनाही कळलं नाही, पण सुजयचा ट्रॅक्टर जवळ येत होता.

गाडी मैनाने कधी चालवली नव्हती. पण दर आषाढात चिखलणीला पॉवर टिलर तीच धरायची. गुडघाभर चिखलात यंत्र कधी सोडायचं, कधी रोखायचं, त्याच्या आवाजात दम किती उरलाय, हे तिला कानाने कळायचं.

"पुढं जायला कुठं?" तिने विचारलं.

जितेशने दांडा दाखवला. रिव्हर्स हा शब्द त्याने जाणूनबुजून वापरला नाही.

"इथं पुढं. बाकी सगळीकडं मागं."

"बरं," मैना म्हणाली. तिला त्यात विचित्र काहीच वाटलं नाही.

तिने क्लच असा सोडला जसा झोपलेल्या बाळाखालचा हात काढतात. गाडी हलली. दगडापाशी ती थांबली नाही, घाईही केली नाही. डावं मागचं चाक दगडावर चढलं, सगळं वजन त्या एका बाजूवर आलं, हौदा तिरका झाला, आणि जितेश श्वास रोखून वेल्डच्या त्या खवल्यांकडे बघत राहिला. एकही हलला नाही. पालथा, डाव्या सोंडेचा, भंगारातून आलेला तो एक्सल अकरा गणपती आणि एक मैना घेऊन दगडाच्या पलीकडे उतरला. इंजिन एकदा दबलं. मैनाने त्याच्या आवाजाकडे कान दिला, एवढासाच जोर वाढवला, आणि ते परत उठलं. गाडी वाकली नाही, घसरली नाही, थांबली नाही. वळणावर तर ती अशी वळली की कान्हूने चालता चालता हात जोडले.

वरच्या वाडीत टाळ वाजले. बायका ओवाळायला आल्या आणि कुणाला आधी ओवाळायचं म्हणून क्षणभर घोटाळल्या. अकरा रुमाल निघाले. एका उंदराचा कानसुद्धा उडाला नव्हता.

हैबतराव सगळ्यात शेवटी पोचले. त्यांच्या दोन्ही हातांत चाकामागे टाकायला घेतलेला धोंडा होता. तो खिंडीतच ठेवायचा राहून गेला होता.

शकूने, म्हणजे वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने, मैनाला गूळपाणी दिलं. "गो मैने, कधी शिकलीस?"

"आताच," मैना म्हणाली.

आणि मग

मंगळवारी भंगारवाला आला. मैनाने त्याला जुना, तुटलेला एक्सल दिला आणि चहा दिला.

पाच दिवसांचे गणपती गेले. पुढच्या सुट्टीला जितेश गागोद्यात हजर झाला. ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट, आणि एक नवीन कल्पना: तोंड जुळवायला मध्ये एक जोड टाकायचा, एक्सल सुलटा करायचा, चारही गिअर पुढे. त्याने कागदावर काढूनही आणलं होतं. त्या दिवसापासून त्याला नीट झोप लागली नव्हती.

गाडी अंगणात होती, धुतलेली. हौद्यात खताची पोती, आणि पोत्यांवर हैबतराव, आरामात, पाठ फळीला लावून. मैना पुढच्या काचेवर फडकं मारत होती.

"काकी, आजच्या दिवसात सरळ करून देतो. माझी चूक, माझ्या खर्चानं."

"हात लावू नको," मैना म्हणाली.

"पण काकी, चार गिअर उलटे..."

"कुनाला उलटे? मला एकच लागतो." तिने फडकं पिळलं. "आनि सरळ केलीस तर उद्या हे परत चालवायला बसतील."

जितेशने हैबतरावांकडे बघितलं. बारा वर्षं या माणसाने त्याला एका बोल्टसाठी तीन तीन फोन केले होते. हैबतराव थोडे सरकले आणि पोत्यावर शेजारी जागा केली.

"ग्राइंडर इकडं टाक, बस वर," ते म्हणाले. "शकूच्या खिडकीला गज लावायचेत. इथनं खिंड फार बरी दिसते रे. इतकी वर्षं मी नुसता रस्ताच बघत होतो."